‘मॅकबेथ’ची उजळणी पाचव्या अंकापासून

पूर्व विदर्भात धानाची कापणी आणि चुरणी आटोपत आली, की महाविद्यालयातील बाके पुन्हा भरू लागतात. दिवाळीपूर्वी शिकवलेले नाटक तोवर विद्यार्थ्यांच्या मनात अर्धेमुर्धे पुसले गेलेले असते आणि परीक्षा समोर दिसत असल्याने त्याची उजळणी करणे भाग असते. विल्यम शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ अशा वर्गात दुसऱ्यांदा हाती घेताना पुष्कळ शिक्षक पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशापासून कथा पुन्हा सांगत जातात, आणि अनेक वर्षे मीही तेच करीत होतो. या पद्धतीतून फारसे हाती लागत नाही, कारण कथा विद्यार्थ्यांच्या लक्षात असतेच. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडई या जत्रांच्या दिवसांत रात्र रात्र जागून झाडीपट्टीतील, म्हणजे आमच्या या धानपट्ट्यातील, नाटके पाहणाऱ्या मुलांना कोणी कोणाला मारले आणि शेवटी कोण उरले हे दोनदा सांगावे लागत नाही. त्यांचे अडते ते दुसरीकडे. ही एका खुन्याची गोष्ट असताना तिला शोकांतिका का म्हणायचे, आणि ज्याने झोपलेल्या म्हाताऱ्याला मारले त्याच्याबद्दल आपल्याला वाईट का वाटावे, हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

या प्रश्नाकडे नेणारी एक वाट नाटकातच आहे, आणि ती शेवटाकडून सुरू होते. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात लेडी मॅकबेथ झोपेत चालते आणि झोपेत बोलते. तिच्या बोलण्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य हे नाटकात आधी घडलेल्या एखाद्या क्षणाचा तुकडा आहे. म्हणजे उजळणी आपण सुरू करण्याआधी शेक्सपिअरने स्वतःच ती रंगमंचावर मांडून ठेवली आहे. तो एक प्रवेश वर्गात नीट वाचून प्रत्येक वाक्याचा माग मागच्या अंकांत काढत गेले, तर सगळे नाटक पुन्हा उलगडते, आणि ते कथेच्या क्रमाने न उलगडता अपराधी मनाला जसे आठवते तसे उलगडते.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मॅकबेथ हा स्कॉटलंडच्या डंकन राजाचा शूर सरदार आहे. लढाई जिंकून बँको या सोबत्यासह परतत असताना माळरानावर त्याला तीन चेटकिणी भेटतात. त्या त्याला ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि पुढे होणारा राजा अशा तीन नावांनी हाक मारतात, तर बँकोला सांगतात की तू राजा होणार नाहीस, पण तुझे वंशज राजे होतील. ग्लॅमिसची जहागीर मॅकबेथकडे आधीच असते आणि कॉडॉरची मिळाल्याची वर्दी लगेच येते, त्यामुळे तिसरे भाकीत त्याच्या मनात घर करते. डंकन त्याच्या गढीत मुक्कामाला येतो त्या रात्री, पत्नी लेडी मॅकबेथ हिने भरीस घातल्यावर, मॅकबेथ राजाला झोपेत ठार करतो. राज्य मिळते, पण ते टिकवण्यासाठी तो बँकोला मारवतो आणि पुढे मॅकडफ या सरदाराच्या बायकोमुलांनाही मारवतो. अखेर डंकनचा मुलगा माल्कम इंग्लंडहून सैन्य घेऊन येतो आणि मॅकडफच्या हातून मॅकबेथ मरतो. शेक्सपिअरच्या शोकांतिकांत हे सर्वांत लहान नाटक आहे, आणि एकाच प्रवेशातून संपूर्ण नाटक हाती लागण्यामागे हा आटोपशीरपणाही आहे.

आता ‘शोकांतिका’ या शब्दाकडे वळतो. आपल्या वर्तमानपत्रांत हा शब्द कोणत्याही मोठ्या दुःखासाठी वापरला जातो. पूर आला, बस उलटली, तुडतुड्याने हाती आलेला धान खाल्ला, तरी त्याला शोकांतिका म्हणतात. ज्या वर्गातील बहुतेक घरांना नापिकी आणि कर्ज परके नाही, तेथे हा फरक फार जपून समजावावा लागतो, कारण आपल्या घरचे दुःख नाटकातील दुःखापेक्षा हलके ठरवले जात आहे असे एकाही मुलाला वाटता कामा नये. त्या दुःखाचे कारण पाऊस, बाजार, सावकार यांच्यात असते. ते सोसणाऱ्याने ओढवून आणलेले नसते. शेक्सपिअरच्या शोकांतिकेत मात्र संकटाचा मोठा भाग नायकाच्या स्वतःच्या कृतीतून उभा राहतो, आणि ती कृती करताना त्याच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला आतून ऐकू येते. त्याला मिळणारी शिक्षा योग्य आहे असे वाटत असतानाच त्या माणसाचे केवढे नुकसान झाले हेही दिसत राहते. या दोन भावना एकदम मनात येणे हा शोकांतिकेचा अनुभव आहे.

परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांमध्ये येथे ॲरिस्टॉटलचा ‘हॅमर्शिया’ हा शब्द हमखास येतो आणि त्याचा अर्थ ‘नायकाचा दोष’ असा देऊन ‘मॅकबेथचा दोष म्हणजे अतिमहत्त्वाकांक्षा’ या एका ओळीत उत्तर संपवले जाते. माझ्या मते हे उत्तर विद्यार्थ्याला नाटकापासून दूर नेते. त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. मॅकबेथचा नेम चुकलेला नाही. आपण काय करतो आहोत, ते का वाईट आहे आणि त्याचे फळ काय मिळेल, हे सगळे त्याला आधीपासून माहीत आहे. माहीत असूनही तो पुढे जातो, आणि हे ‘माहीत असूनही’ विद्यार्थ्यांना मजकुरात बोट ठेवून दाखवता आले, तर दोषाचे नाव पाठ करण्याची गरज उरत नाही.

झोपेत चालण्याचा प्रवेश वर्गात वाचायला तीनच जणांची गरज असते. राणीची दासी, तिने बोलावून आणलेला वैद्य आणि स्वतः राणी. दोन रात्री जागूनही वैद्याला काही दिसलेले नाही. ही तिसरी रात्र आहे. राणी हातात दिवा घेऊन येते. मी हा प्रवेश भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून वाचायला लावतो आणि राणी झालेल्या मुलीच्या हातात एक पेटती मेणबत्ती देतो. लंडनचे ग्लोब नाट्यगृह १५९९ साली उभे राहिले, तेव्हा त्याचे मधले अंगण वरून उघडे होते आणि नाटके दुपारी होत. सायमन फॉरमन नावाच्या माणसाने १६११ साली ‘मॅकबेथ’ ग्लोबमध्ये पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे. म्हणजे या नाटकातील सगळा काळोख त्याने दिवसाउजेडी पाहिला. हातातील दिवा आणि तोंडातील शब्द यांवर प्रेक्षकांनी रात्र मानायची असे. आपली झाडीपट्टीची नाटके रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, तेथे रात्र खरी असते. त्यामुळे दुपारच्या उन्हातली ही मेणबत्ती मुलांना प्रथम विचित्र वाटते, पण प्रवेश संपेपर्यंत तिचे काम त्यांना कळलेले असते. तेव्हा लेडी मॅकबेथचे काम मुलगा करीत असे, ही गोष्ट मात्र येथे समजावून सांगावी लागत नाही, कारण दंडार आणि खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यांत स्त्रीचे सोंग पुरुषाने घेण्याची चाल मुलांनी पाहिलेली किंवा घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असते.

दासी वैद्याला सांगते की राणी हल्ली सतत दिवा जवळ ठेवते, आणि ती तिचीच आज्ञा आहे. येथे थांबून विद्यार्थ्यांना पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश उघडायला सांगावा. डंकन येणार असे कळल्यावर याच बाईने दाट रात्रीला हाक मारली होती, आणि माझा सुरा काय जखम करतो ते त्याला स्वतःलाही दिसू नये म्हणून नरकातील काळ्या धुराने सगळे झाकून टाक असे तिला विनवले होते. तीच बाई आता उजेडाशिवाय झोपू शकत नाही, आणि झोपेत म्हणते, ‘नरकात काळोख आहे.’ या दोन जागा शेजारी शेजारी वाचल्या की तिच्यात काय बदलले याचे वर्णन शिक्षकाला करावे लागत नाही. दासी आणखी एक गोष्ट सांगते. राणी रात्री उठते, कपाट उघडते, कागद काढते, त्यावर काही लिहिते, वाचते, मोहोर लावते आणि पुन्हा निजते. हे सगळे गाढ झोपेत. हा कागद कशाचा, असे विचारल्यावर वर्गातून थोड्या वेळाने कोणी तरी हळूच म्हणते की पहिल्या अंकात मॅकबेथने तिला चेटकिणींबद्दल पत्र पाठवले होते. कागदावर ती काय लिहिते हे नाटकात सांगितलेले नाही, तरी लेडी मॅकबेथ आपल्याला पहिल्यांदा दिसली ती पत्र वाचतानाच, हे विद्यार्थ्याने शोधून काढणे महत्त्वाचे आहे.

मग ती हात चोळू लागते आणि म्हणते, ‘एक, दोन, आता ते करायची वेळ झाली.’ ही घंटा आहे. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात, हवेत तरंगणारा सुरा पाहिल्यानंतर, मॅकबेथ घंटेचा इशारा ऐकून डंकनच्या खोलीकडे जातो. पण घंटेपाशी पोचल्यावर मी वर्गाला आणखी एक पाऊल मागे, पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात नेतो, कारण सगळ्या नाटकाचा कणा तेथे आहे. पंगत बसलेली असताना मॅकबेथ एकटाच बाहेर येतो आणि स्वतःशी बोलतो. हे काम करून टाकले आणि तेथेच संपले असे झाले असते तर पुढल्या जन्माचीही पर्वा केली नसती, असे तो म्हणतो. पण अशा कामाचा निवाडा येथेच होतो, आपण इतरांना रक्ताचे धडे देतो आणि ते धडे फिरून आपल्यावरच येतात. शिवाय डंकन त्याचा नातलग आहे, राजा आहे, आणि आज त्याच्या घरी पाहुणा आहे. मारेकऱ्याला बाहेर ठेवून दार लावून घेण्याची जबाबदारी ज्याची, त्यानेच सुरा कसा उचलावा? मारण्यासाठी त्याला एकच कारण सापडते, ते म्हणजे महत्त्वाकांक्षा, आणि तिच्याबद्दलही तो म्हणतो की ती इतकी उंच उडी घेते की पलीकडे जाऊन पडते.

पाहुण्याचा हा मुद्दा आमच्या वर्गाला सर्वांत आधी कळतो. ज्या गावांत परक्या माणसालाही आधी पाणी देऊन मग काम विचारतात, तेथे ओसरीवर झोपलेल्या पाहुण्यावर हात टाकणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. स्वगत संपताच पत्नी येते आणि मॅकबेथ तिला स्पष्ट सांगतो की हा विषय आपण येथेच थांबवू. एकदा या ओळीवर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, इथूनच त्यानं वापस जायाले पायजे होतं. मंग गेला काहून नाही?’ उजळणीचा खरा प्रश्न तिने विचारला होता. उत्तर पुढच्या संवादात आहे. त्याने मांडलेल्या एकाही कारणाला लेडी मॅकबेथ उत्तर देत नाही. राजा चांगला नाही, पाहुण्याला मारणे योग्य आहे, असे ती म्हणतच नाही. ती त्याच्या पुरुषपणाला हात घालते. हे करायची हिंमत तुझ्यात होती तेव्हा तू पुरुष होतास, असे सुनावते. आणि ज्याच्याजवळ न मारण्याची इतकी कारणे होती, तो या एका टोमण्यापुढे गप्प होतो. प्रवेश संपेपर्यंत बेत ठरलेला असतो.

झोपेत ती नेमका हाच टोमणा पुन्हा उच्चारते : ‘शी, शी, स्वामी! शिपाईगडी असून भिता?’ ज्या शब्दांनी तिने तेव्हा नवऱ्याला ढकलले, तेच शब्द आता रिकाम्या खोलीत ऐकू येतात आणि ते ऐकायला तो तेथे नाही. पुरुषपणाचा हा धागा चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशातही तपासून घ्यावा. बायकोमुले मारली गेल्याची बातमी मॅकडफला कळते तेव्हा माल्कम त्याला पुरुषासारखे सोस म्हणतो, आणि मॅकडफ उत्तर देतो की सोसेन, पण आधी मला ते माणसासारखे जाणवलेही पाहिजे. घरातल्या पुरुषाने रडायचे नाही असे ऐकत वाढलेल्या मुलांसमोर हे वाक्य दोनदा वाचले तरी चालेल.

‘त्या म्हाताऱ्याच्या अंगात इतके रक्त असेल असे कोणाला वाटले होते?’ हे तिचे पुढचे वाक्य आहे. येथून दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात जायचे. खून रंगमंचावर होत नाही. नवरा आत गेलेला असताना बाहेर वाट पाहणारी ती आपल्याला दिसते, आणि जाता जाता ती सांगते की झोपलेला डंकन मला माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच ते केले असते. तिला केवळ दुष्ट बाई ठरवणाऱ्या उत्तरांत हे वाक्य कधी नसते. मॅकबेथ रक्ताळलेले सुरे हातात घेऊनच परत येतो आणि ‘आमेन’ हा शब्द आपल्या घशातून का निघाला नाही याचेच त्याला आश्चर्य वाटत राहते. समुद्राच्या सगळ्या पाण्याने तरी माझे हात धुतले जातील का, असे तो विचारतो. ती म्हणते, थोड्याशा पाण्याने हे काम निघून जाईल. पाचव्या अंकात ते थोडेसे पाणी तिला पुरत नाही आणि अरबस्तानातील सगळी अत्तरेही तिच्या लहानशा हाताचा वास घालवू शकत नाहीत. तोवर नवरा उलट्या दिशेने निघून गेलेला असतो. ज्याला पहिल्या खुनानंतर प्रार्थनेचा शब्द उच्चारता आला नाही, तो बँकोच्या खुनाचा बेत पत्नीला न सांगता आखतो आणि मॅकडफच्या घरावर मारेकरी पाठवताना क्षणभरही थांबत नाही. नवरा-बायको एकमेकांची जागा घेतात, ही गोष्ट या हात धुण्याच्या दोन जागांमधून जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसऱ्या कशातून दिसत नाही.

‘दारावर कोणी ठोठावते आहे,’ असे म्हणून ती निजायला निघते. हे ठोठावणे खुनाच्या रात्रीचे आहे, आणि ते ऐकून दार उघडायला येणारा दारवान दारू प्यालेला आहे. आपण नरकाच्या दारावर नोकरीला आहोत असे मानून तो येणाऱ्यांचे काल्पनिक स्वागत करतो. चंद्रपूरच्या परकोटातील जटपुरा किंवा पठाणपुरा दरवाज्याखालून गेलेल्या मुलांना गढीचे दार आणि त्यामागचा दारवान डोळ्यांसमोर आणणे अवघड जात नाही. अवघड जाते ते इतक्या भयंकर क्षणी विनोद कशाला, हे. मात्र झाडीपट्टीच्या रंगभूमीवर याचे उत्तर त्यांनी पाहिलेले असते. तेथे रडवणाऱ्या प्रवेशामागून विनोदी नट येतो, आणि त्या कामाचे मोल एवढे मोठे मानले जाते की परशुराम खुणे यांच्यासारख्या विनोदी भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या झाडीपट्टीच्या कलावंताला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शेक्सपिअरचा दारवान मात्र केवळ मन हलके करण्यासाठी आलेला नाही. मॅकबेथला हात धुवून कपडे बदलून यायला वेळ हवा असतो, तो या प्रवेशामुळे मिळतो. प्रेक्षक हसत असताना ठोठावणे चालूच राहते. आणि ज्या घरात खून झाला ते घर आता खरोखर नरक झाले आहे, हे दारवान नकळत बोलून जातो.

चेटकिणी झोपेतल्या प्रवेशात येत नाहीत, तरी त्यांच्याविषयी वर्गात काळजीपूर्वक बोलणे मी कर्तव्य समजतो. आमच्या भागात एखाद्या बाईवर जादूटोण्याचा आळ घेऊन तिला मारहाण होण्याच्या घटना घडलेल्या आहेत आणि महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे. म्हणून हे नाटक लिहिले गेले तो काळही मुलांना सांगावा. १६०३ साली स्कॉटलंडचा सहावा जेम्स हा पहिला जेम्स म्हणून इंग्लंडच्या गादीवर आला आणि शेक्सपिअरची नाटक मंडळी त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. चेटूक खरे असते असे प्रतिपादन करणारे पुस्तक या राजाने स्वतः १५९७ साली प्रसिद्ध केले होते, आणि त्याआधी स्कॉटलंडमध्ये चेटकीण ठरवून बायकांचा छळ करून त्यांना मृत्युदंड दिले गेले होते. ‘मॅकबेथ’ साधारण १६०६ सालचे आहे. असे असूनही या नाटकातील चेटकिणी मॅकबेथला खून कर असे एकदाही सांगत नाहीत. राजा होशील एवढेच त्या म्हणतात. हेच भाकीत ऐकलेला बँको कोणाला मारत नाही. स्वतः मॅकबेथ त्याच प्रवेशात म्हणतो की नशिबाला मला राजा करायचेच असेल तर मी हातपाय न हलवताही ते मला मुकुट घालेल. खुनाचा विचार त्याच्या मनात त्याचाच आहे, आणि चेटकिणींवर जबाबदारी टाकणारे उत्तर मजकुरात टिकत नाही.

खरा मॅकबेथ इतिहासात होऊन गेला. त्याने १०४० ते १०५७ अशी १७ वर्षे राज्य केले, आणि त्याच्या काळचा डंकन वयाने तरुण होता व लढाईत मारला गेला. शेक्सपिअरला ही हकीकत हॉलिन्शेड या इंग्रज लेखकाच्या बखरवजा इतिहासातून मिळाली. त्या ग्रंथात बँको हा डंकनच्या खुनात सामील आहे. जेम्स राजाचे घराणे आपला मूळ पुरुष बँकोला मानत असल्याने नाटकात तो निर्दोष झाला, असे अभ्यासक समजतात. पण डंकनला म्हातारा, सौम्य आणि झोपलेला पाहुणा करण्याचे कारण राजाची मर्जी हे नाही. न मारण्याची कारणे जितकी भक्कम, तितका मॅकबेथच्या निर्णयाचा भार वाढतो. विद्यार्थ्यांना इतिहास आणि नाटक यांतील हा फरक दाखवला की नाटककार बसून काय करतो, याची कल्पना येते.

भाषेबद्दल एवढे सांगितले तरी पुरेसे आहे की राजे-सरदारांचे बोलणे बहुतेक पद्यात आहे. आपल्या लघु-गुरूच्या परिभाषेत बोलायचे तर एक हलका आणि एक जोरकस असे पाच ठोके त्या ओळीत असतात. चेटकिणींची ओळ आखूड असते आणि जोराच्या ठोक्याने सुरू होते. कोजागिरीला भुलाबाईची गाणी म्हटलेल्या मुलींना ती ओळ अर्थ न कळताही ठेक्यात म्हणता येते. पहिल्या अंकात भारदस्त पद्यात बोलणारी लेडी मॅकबेथ झोपेत मात्र गद्य बोलते. तिची वाक्ये मध्येच तुटतात, एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत जातात, आणि डंकनचा खून, बँकोच्या भुताने उधळलेली मेजवानी, बँकोचे दफन हे सगळे तिच्या बोलण्यात एका ठिकाणी येऊन पडते. मेजवानीच्या रात्री ती नवऱ्याला सावरून घेत होती, ते ‘असे दचकू नका, सगळे बिघडवाल’ हे सांगणेही त्यात आहे. पूर्वी एकदा तिने नवऱ्याची समजूत घातली होती की झाले ते झाले. आता ती म्हणते की झाले ते न झाले करता येत नाही. तिसऱ्या अंकातील ते वाक्य आणि हे वाक्य फळ्यावर एकाखाली एक लिहून ठेवावे.

ही पद्धत परीक्षेच्या उत्तरासाठीही कामाची आहे. लेडी मॅकबेथचे स्वभावचित्र, अपराधाची जाणीव, उजेड आणि अंधार, रक्ताची प्रतिमा, नवरा-बायकोचे बदलत गेलेले नाते, असे कोणतेही दीर्घोत्तरी प्रश्न आले तरी विद्यार्थ्याजवळ प्रत्येकी दोन जागा तयार असतात, एक पाचव्या अंकातली आणि एक आधीची, आणि त्या दोन जागांमधला फरक सांगत गेले की उत्तर आपोआप पुढे सरकते. इंग्रजी वाक्यरचना चुकण्याची भीती ज्यांना फार वाटते, त्यांना मी आधी हा फरक मराठीत लिहून आणायला सांगतो. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’ १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले, निदान तेव्हापासून तरी शेक्सपिअर समजून घेण्यासाठी मराठीचा आधार घेण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

एक वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवतो. राणी मध्येच, लहान मुलांच्या गाण्यासारख्या ठेक्यात, म्हणते, ‘फाइफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे?’ फाइफचा सरदार म्हणजे मॅकडफ, आणि त्याच्या बायकोला मुलांसह मॅकबेथने मारवले आहे. हा माग काढताना विद्यार्थी चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशापर्यंत पोचतात आणि तेथे अडतात, कारण लेडी मॅकबेथ त्या प्रवेशात नाही. मेजवानीची रात्र संपल्यापासून थेट झोपेत चालेपर्यंत ती रंगमंचावर आलेलीच नाही. बँकोच्या वेळी तर नवऱ्याने तिला सांगितले होते की काम होईपर्यंत तू अजाण राहा. मग मॅकडफच्या बायकोचे तिला कसे कळले? नाटकात याचे उत्तर नाही. गेल्या उजळणीत एका मुलाचे म्हणणे पडले की गढीत नोकरचाकर बोलत असतील आणि तिच्या कानावर गेले असेल. दुसऱ्याला वाटले की मॅकबेथनेच सांगितले असावे. वाचन करताना दासी झालेली मुलगी शेवटी बोलली. तिचे म्हणणे असे की दासीने काय ऐकले हे ती वैद्यालाही सांगत नाही, कारण तिच्या बोलण्याला साक्षीदार नाही. म्हणजे त्या गढीत सगळ्यांना सगळे माहीत आहे आणि कोणी कोणाजवळ बोलत नाही, मग राणीला तरी वेगळे कोण सांगणार, तिलाही तसेच कळले असेल.

तास संपल्याची घंटा झाली तरी ही चर्चा चालू होती, आणि मेणबत्ती विझवायचे राहून गेले होते.